पंचगंगेचे पावित्र्य कोणी राखावयाचे?

नृसिंहवाडीची यात्रा करून परतणाऱ्या मनुष्याने प्रसादाबरोबर संगमाच्या तीर्थाचा एक लहानसा गडू घरी आणावा, तो देव्हाऱ्यात ठेवावा आणि घरच्या मंडळींनी ते तीर्थ आचमनास घ्यावे, ही चाल आमच्या अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावरील त्या दत्तस्थानाविषयीची भक्ती आजही तिळमात्र कमी झालेली नाही. परंतु तो गडू हाती घेतल्यावर, हे पाणी तान्ह्या बाळाच्या मुखात घालावे की न घालावे, असा विचार आजच्या सुशिक्षित मातेच्या मनात आल्यावाचून राहत नाही. तिची श्रद्धा ढळली आहे असे कोणी म्हणू नये. ढळले आहे ते पाणी. आणि ते कशाने ढळले याचा विचार करणे हे श्रद्धावंतांचेच पहिले कर्तव्य होय, असे आम्हांस वाटते.

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्या आणि पाचवी गुप्त सरस्वती मिळून कोल्हापुरानजीक प्रयाग चिखली येथे पंचगंगा होते. तेथून ती करवीर, हातकणंगले व शिरोळ या तालुक्यांतून वाहत वाडीस कृष्णेला मिळते. पावसाळ्यात सह्याद्रीचे पाणी घेऊन दुथडी वाहणारी ही नदी उन्हाळ्यात मात्र फारशी वाहतच नाही. शेतीस पाणी मिळावे म्हणून तिच्यावर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे घातलेले आहेत. पावसाळा सरला की त्यांच्या दारांत फळ्या बसवितात आणि नदी ही संथ डोहांची एक माळ होऊन राहते. या बंधाऱ्यांनी हजारो कुटुंबांस अन्न दिले, हे विसरून चालणार नाही. पण वाहत्या पाण्यातील घाण पुढे जाते आणि साचलेल्या पाण्यातील तेथेच राहते, हेही तितकेच खरे.

या घाणीचा एक भाग सर्वांच्या डोळ्यांस दिसतो. कोल्हापूर शहराचे सांडपाणी घेऊन येणारा जयंती नाला, इचलकरंजीच्या कापड रंगविण्याच्या धंद्याचे पाणी, साखर कारखान्यांची मळी, काठच्या गावांची गटारे, यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ येऊन माणसे दगावली, ती गोष्ट त्या गावातील घरे अद्याप विसरलेली नाहीत. या घाणीचे मुख कोठे आहे हे बोट ठेवून दाखविता येते. त्यामुळे १९७४ च्या जलप्रदूषणविषयक कायद्याने तिला निदान जाब तरी विचारता येतो.

दुसऱ्या भागास मात्र असे एक मुख नाही. तो हजारो शेतांतून, पाटापाटाने आणि ओघळाओघळाने, कोणाच्या नकळत नदीस मिळतो. उसाच्या सुरू लागणीस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद व ११५ किलो पालाश द्यावे, अशी कृषितज्ज्ञांची शिफारस आहे. एवढे नत्र युरियातूनच द्यावयाचे म्हटले तर सुमारे ५४० किलो युरिया लागतो. खत जितके अधिक तितका ऊस अधिक, अशा समजुतीने पुष्कळ ठिकाणी याहूनही जास्त खत पडते आणि त्यावर पाटाचे पाणी भरपूर सोडले जाते. मग पिकास न लागलेले नत्र पाण्यात विरघळून खाली विहिरींत उतरते, आणि स्फुरद मातीच्या कणांस चिकटून पावसाच्या लोंढ्याबरोबर नदीत जाते.

ते तेथे जाऊन काय करते, हे कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९७३ साली मोठ्या युक्तीने दाखविले. ऑन्टेरिओ प्रांतातील एका लहानशा सरोवराचे त्यांनी मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोन्ही भागांत नत्र व कर्ब सारखेच घातले. एका भागात मात्र त्याबरोबर स्फुरदही घातले. थोड्याच महिन्यांत स्फुरदाचा भाग शेवाळाने हिरवागार झाला आणि दुसरा पूर्ववत स्वच्छ राहिला. जे खत शेतात पीक वाढविते तेच पाण्यात शेवाळ वाढविते, इतकाच याचा सरळ अर्थ.

पंचगंगेच्या संथ डोहांत उन्हाळ्यात जलपर्णीचे जे हिरवे गालिचे पसरतात ते शहराच्या मैल्यावर पोसतात, तसेच या खतावरही पोसतात. पुढे ती वनस्पती मरून कुजू लागली म्हणजे पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून वर येतात.

गृहिणींस येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. पाणी उकळले म्हणजे रोगजंतू मरतात, हे खरे. पण नत्रापासून झालेले नायट्रेट उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. पिण्याच्या पाण्यात ते लिटरास ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. वरचे दूध घेणाऱ्या तान्ह्या मुलास ते विशेष बाधते, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. म्हणून ज्यांच्या घरी मळ्यातील विहिरीचे पाणी पितात त्यांनी ते एकदा तरी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

याचा सारा दोष शेतकऱ्याच्या माथी मारून आपण मोकळे होणे हे अन्यायाचे होईल. त्याच्या उसाची साखर आपल्याच चहात पडते. आपल्यापैकी कित्येकांची वडिलार्जित जमीन याच खोऱ्यात वाट्याने किंवा खंडाने लावलेली आहे. शिवाय अति पाण्याने व अति खताने पहिले नुकसान त्याचेच होते. शिरोळ तालुक्यातील क्षारपड झालेली पांढरी रानेच याची साक्ष देतील.

उपाय अघटित नाहीत. मातीची परीक्षा करून तिला उणे असेल तेवढेच खत द्यावे. ते एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावे. ठिबकाने पाणी द्यावे. पाचट न जाळता सरीत पसरावे. ताग किंवा धैंचा गाडावा. आणि नदीच्या काठी गवताचा एक रुंद पट्टा अनांगर ठेवावा, म्हणजे वाहून येणारी माती तेथेच अडेल. ज्यांची जमीन आहे त्यांनी पुढील हंगामाच्या करारातच या गोष्टी वाटेकऱ्याशी बोलून ठराव्यात, आणि त्यास येणाऱ्या जादा खर्चाचा वाटा आपण उचलावा. ज्यांची जमीन नाही त्यांनी कपडे धुण्याची पूड बेताने वापरावी आणि निर्माल्य नदीत न टाकता घरच्या झाडांना घालावे.

वाडीच्या घाटावर उभे राहून आपण दोन नद्यांस हात जोडतो. पंचगंगा तेथे पोहोचते ती वाटेतील प्रत्येक शेताचे आणि प्रत्येक घराचे काही ना काही घेऊनच. तिने आमचे काय घेऊन जावे, एवढे मात्र आमच्या हाती आहे.