कानाने मारायची उडी

एक चौकोनी ठोकळा धावतोय. त्याला थांबवता येत नाही, वेग कमी करता येत नाही, मागे फिरवता येत नाही. खेळणाऱ्याच्या हाती एवढंच, की बोट टेकवलं की ठोकळा उडी घेतो. वाटेत काटे येतात. एखाद्याला नुसती कड घासली तरी ठोकळा फुटतो, गाणं तुटतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ‘जॉमेट्री डॅश’ हा खेळ रॉबर्ट टोपाला या स्वीडिश प्रोग्रामरने एकट्याने बनवला आणि ऑगस्ट 2013 मध्ये मोबाइलवर आणला. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल, तर त्यातलं धडधडतं संगीत तुमच्याही कानावर पडलं असण्याची शक्यता दाट आहे. पुन:पुन्हा आपटवणारा हा खेळ मुलं सोडत का नाहीत, याचं उत्तर त्या धडधडीतच आहे.

काहीतरी दिसलं आणि त्यावर बोट हललं, यात माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. मिनिटाला 120 ठोके पडणाऱ्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाचं. म्हणजे प्रत्येक काटा बघून उडी मारायची म्हटली, तर त्यातला निम्मा वेळ नुसता बघण्यातच जाणार. लागोपाठ तीन-चार अडथळे आले की डोळे मागे पडतात. ठोका मात्र चकवत नाही, कारण पुढचा कधी पडणार हे आधीच्या ठोक्यांनी सांगून ठेवलेलं असतं. मेट्रोनोमच्या टकटकीबरोबर बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेक माणसं टकटकीच्या किंचित आधी बोट टेकवतात, 20 ते 80 मिलिसेकंद आधी, आणि आपण अगदी वेळेवर आहोत असंच त्यांना वाटतं. मैफलीत समेवर मान देणारा श्रोता तरी सम ऐकून कुठे मान देतो? ती येणार हे त्याच्या अंगात आधीच मोजून झालेलं असतं.

जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून ताल ऐकवले होते. ठोका स्पष्ट जाणवणारा ताल ऐकताना मेंदूतल्या हालचालींशी संबंधित भागांत, विशेषतः बेसल गँग्लियात, जास्त सक्रियता दिसली. माणूस निश्चल पडून होता, तरीही. चांगल्या लेव्हलचा रचनाकार याच गोष्टीचा फायदा घेतो. उडी ठोक्यावर येईल अशा जागी काटा ठेवतो, आणि गाण्याचा बाज बदलला की ठोकळ्याचं विमान करतो किंवा गुरुत्वाकर्षण उलटं करतो. ‘बिट.ट्रिप रनर’ (2010) मध्ये खेळणाऱ्याच्या कृतींचे आवाजच गाण्यात भर घालतात. ‘रेमन लेजंड्स’ (2013) मधल्या संगीताच्या लेव्हल्सही अशाच, तालावर पळायच्या. उलट ‘जॉमेट्री डॅश’च्या चाहत्यांनी बनवलेल्या कितीतरी लेव्हल्समध्ये गाणं एकीकडे आणि काटे दुसरीकडे. त्या अवघड असतात यात शंका नाही, पण ती पाठांतराची परीक्षा. मला त्यात फारशी गंमत दिसत नाही.

आता अपयशाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. समजा, एका लेव्हलमध्ये सारख्याच कठीण अशा 60 उड्या आहेत आणि तुमची प्रत्येक उडी 95 टक्के वेळा बरोबर पडते. हा काही वाईट खेळाडू नव्हे. तरीही सगळ्या उड्या एका दमात पार पडण्याची शक्यता येते जेमतेम साडेचार टक्के. अचूकता 98 टक्क्यांवर गेली की हीच शक्यता 30 टक्के होते, आणि 99 वर 55. कौशल्य तसूभर वाढतं आणि निकाल एकदम पालटतो, म्हणून ‘कालपर्यंत अशक्य होतं, आज अचानक जमलं’ असं वाटतं. दुसरी बाजूही बघा. 95 टक्केवाल्याच्या प्रत्येक डावात सरासरी 18 उड्या यशस्वी झालेल्या असतात. बाहेरून बघणाऱ्या आईबाबांना फक्त आपटणं दिसतं. खेळणाऱ्याच्या हिशेबात यशच कितीतरी जास्त.

तरी त्या 18 उड्यांचा आनंद रोज सारखाच मिळत नाही. वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर डोपामिनच्या पेशी उसळतात, आणि बक्षीस ठरल्याप्रमाणे मिळू लागलं की त्यांना त्याचं अप्रूप राहत नाही. या खेळातही पाठ झालेला टप्पा यांत्रिक होतो आणि थरार सरकत सरकत पुढच्या, अजून न जमलेल्या काट्यापाशी जातो. नवा विक्रम झाला की लेव्हल किती पार झाली याचा टक्क्यांतला आकडा पडद्यावर झळकतो. 97 टक्क्यांवर ठोकळा फुटला की जीव हळहळतो, पण बोट लगेच पुन्हा खाली येतं. जुगाराच्या यंत्रातही ‘थोडक्यात हुकलं’ ही भावना माणसाला खिळवून ठेवते. ल्यूक क्लार्क यांच्या 2009 च्या अभ्यासाने ते दाखवलं आहे. फरक इतकाच, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, की यंत्रातलं हुकणं काहीच शिकवत नाही. इथे काटे जागा बदलत नाहीत, नशिबाचा भाग नाही, आणि चूक नेमकी कुठे झाली हे त्याच क्षणी कळतं. पुन्हा सुरू व्हायला जेमतेम एखादा सेकंद लागतो. शिक्षा मोठी, पण तिची किंमत नगण्य. अर्थात याच घाईमुळे ‘शेवटचा एक डाव’ तासभर लांबतो, तेव्हा घड्याळ दुसऱ्या कोणाच्या तरी हाती असलेलं बरं.

स्वतः खेळून बघायचा विचार असेल, तर एक सूचना. ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज अनेकदा शंभर ते दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. फोनवर बोलताना ते जाणवत नाही, इथे मात्र तेवढ्यात काटा येऊन गेलेला असतो. वायरचा हेडफोन लावा, नाहीतर सरळ फोनच्या स्पीकरवर खेळा.