न मिळालेल्या जेवणाची किंमत

गेल्या हिवाळ्यात दिल्लीहून गुवाहाटीला जाताना माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मधुमेहामुळे त्यांनी तिकिटासोबतच पथ्याच्या जेवणाचे साडेचारशे रुपये भरले होते. जेवण वाटायला सुरुवात झाल्याचे पाहून त्यांनी इन्सुलिन टोचून घेतले; आणि मग कळले की त्यांचे जेवण विमानात चढवलेलेच नाही. बिस्किटांच्या पुड्यावर त्यांनी वेळ निभावली. उतरताना त्यांना पुढील प्रवासात वापरायचे कूपन देण्यात आले. ‘‘एवढ्याशा रकमेसाठी कुठे भांडत बसायचे?’’ ते म्हणाले.

प्रश्न रकमेपुरता नाही. पिण्याचे पाणी वगळता खाद्यपेयांचे वेगळे पैसे आकारण्याची मुभा विमान कंपन्यांना आहे. सेवा वेगळी विकली, की तिचे उत्तरदायित्वही वेगळे येते. जेवण कंत्राटदाराकडून आले नाही, ही सबब प्रवाशाला सांगता येणार नाही. त्याचा करार कंपनीशी असतो.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला अशा बाबींचे मोल ठरवणे अवघड नाही. आरक्षण असूनही विमानात प्रवेश नाकारल्यास वीस हजार रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. २०२३ पासून देशांतर्गत प्रवासात खालच्या वर्गात बसवल्यास करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत करावी लागते. अपुऱ्या सेवेचे मूल्य ठरवता येते, हे तत्त्व त्यातून मान्य झालेच आहे. पैसे घेऊन न दिलेल्या जेवणासाठी मात्र या तरतुदींत अशी पट्टी नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ही सेवेतील त्रुटी ठरू शकते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांत तक्रारीला शुल्कही नाही. तरीही साडेचारशे रुपयांसाठी कोणी आयोगाची पायरी चढत नाही आणि कंपन्यांना ते ठाऊक असते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. जेवण न दिल्याची नोंद कर्मचाऱ्यांनी विमानातच करावी. त्यावरून प्रवाशाने न मागता पूर्ण किंमत आणि तेवढीच भरपाई सात दिवसांत मूळ खात्यात जमा व्हावी. कूपन केवळ प्रवाशाच्या संमतीने द्यावे. पथ्याच्या जेवणाअभावी प्रकृतीला अपाय झाल्यास स्वतंत्र दाव्याचा हक्क अबाधित राहावा.

सरकारी सेवेत मी अनेक योजना पाहिल्या. ज्या हक्कासाठी अर्ज करावा लागे, तो थकलेल्या आणि भिडस्त माणसांपर्यंत क्वचितच पोहोचे. माझे सहप्रवासी असेच भिडस्त होते.