पार्ट कुठे मिळणार?

मैत्रिणींनो, मेट्रोची गाडी विकत घ्यायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? हसू नका! माझ्यावरही आलेली नाही. रत्नागिरीत राहणाऱ्या बाईचा मेट्रोशी संबंध तो काय? लेकी-भाच्या मुंबईला असतात, वर्षातून एक-दोनदा त्यांच्याकडे जाणं होतं, तेवढाच. पण २०२५ च्या पावसाळ्यात आमच्या बचत गटात एक मशीन घेण्यावरून वाद झाला, आणि तो सुटला मुंबईच्या गाड्यांची गोष्ट ऐकून. म्हणून हे सगळं तुम्हाला सांगायचं आहे.

आमच्या गटात आम्ही बारा जणी. आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ करून विकतो. रायवळ आंब्याचा रस हाताने चाळणीतून काढता काढता मे महिन्यात मनगटं सुजतात. म्हणून ठरलं, रस काढायचं मशीन घ्यायचं. पल्पर म्हणतात त्याला. दोन कोटेशनं आली. एक त्रेसष्ट हजारांचं, दुसरं अठ्ठेचाळीस हजारांचं. फरक पंधरा हजारांचा! बँकेचं कर्ज काढून घ्यायचं मशीन, तेव्हा कुठलं घ्यायचं यात विचार तो काय करायचा? सगळ्यांचं बोट अठ्ठेचाळीसवर.

मी घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं. हे एस.टी.तून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. चहा पिता पिता त्यांनी एवढंच विचारलं, "पार्ट कुठे मिळणार?"

मला रागच आला. मशीन अजून घरात आलं नाही आणि यांना मोडण्याची काळजी! दुसऱ्या दिवशी गटात सांगितलं तर आमच्या सगळ्यात मोठ्या काकू म्हणाल्या, "त्यांना काय जातंय बोलायला? पंधरा हजार म्हंजे काय झाडाला लागतात गो?" खरं होतं ते. आमच्यातल्या कितीजणींचा वर्षाचा नफाही तेवढा होत नाही. विषय तिथेच लोंबकळत राहिला.

आणि लोंबकळण्यावरून आठवलं. १९ ऑगस्ट २०२५ ची संध्याकाळ. मुंबईत धो धो पाऊस, हार्बर लोकल बंद. टीव्हीवर एकच चित्र. चेंबूरजवळ म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क यांच्यामध्ये मोनोरेल अधांतरी उभी. वीज गेलेली, एसी बंद, आत पाचशेहून जास्त माणसं कोंबलेली. अग्निशमन दलाचे जवान शिड्या लावून एकेकाला खाली उतरवत होते. त्यात लेकुरवाळ्या बायाही असतील, असा विचार आला आणि हातातला घास हातातच राहिला. माझी भाची चेंबूरला राहते. लगेच फोन लावला. "मावशी, मी घरी आहे गं, आज ऑफिसला गेलेच नाही," म्हणाली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

एमएमआरडीएने नंतर सांगितलं, त्या दिवशी गाडीत प्रमाणाबाहेर गर्दी झाली होती. १०४ टन पेलणाऱ्या गाडीचं वजन १०९ टनांपर्यंत गेलं आणि विजेशी असलेला तिचा संपर्क तुटला. म्हणजे त्या संध्याकाळचं कारण गर्दी. पण हे टीव्हीकडे बघत पुटपुटले, "गर्दी झाली, कारण गाड्या कमी. आणि गाड्या कमी का, ते विचार तुझ्या भाचीला."

आमची भाची इंजिनीअर. मोठमोठ्या निविदांचे जाडजूड कागद वाचणं हेच तिचं काम. गणपतीला ती रत्नागिरीला आली, तेव्हा मोदकाच्या पाऱ्या करता करता तिला विचारलं. आणि मग तिने जी गोष्ट सांगितली, ती आमच्या गटाच्या गोष्टीसारखीच निघाली.

देशातली ही पहिली आधुनिक मोनोरेल. चेंबूर ते वडाळा हा तिचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. गाड्या मलेशियाच्या स्कोमी कंपनीच्या. ठरलेल्या गाड्या पूर्ण आल्याच नाहीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये पहाटे म्हैसूर कॉलनी स्थानकात एका गाडीचे दोन डबे जळाले. नशीब, आत प्रवासी नव्हते. सेवा बंद पडली ती थेट सप्टेंबर २०१८ पर्यंत. त्याच वर्षी डिसेंबरात एमएमआरडीएने कंपनीचं कंत्राट रद्द केलं आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला. गाड्या राहिल्या, मार्ग राहिला, पण ज्याने त्या बनवल्या तो निघून गेला. सुट्या भागांसाठी शोधाशोध सुरू झाली.

"मग दुसऱ्या कंपनीच्या गाड्या आणायच्या!" मी म्हटलं.

"तिथेच तर मेख आहे," ती म्हणाली. "मेट्रो रुळांवर चालते. दोन रुळांमधल्या अंतराची मापं ठराविकच, त्यामुळे त्यावर चालणाऱ्या गाड्या बनवणारे कितीतरी जण आहेत. मोनोरेल काँक्रीटच्या एकाच तुळईवर दोन्ही बाजूंनी पाय टाकून बसते, घोड्यावर बसल्यासारखी. आणि त्या तुळईचं माप कंपनीगणिक वेगळं. एकाच्या मापाची तुळई बांधली की दुसऱ्याची गाडी तिच्यावर तशीच बसत नाही. मुळात जगात मोनोरेल बनवणारेच थोडे."

म्हणजे बघा, एखाद्या कुकरला त्याच कंपनीची रिंग लागते, दुसरी बसत नाही. आणि कंपनीच बंद झाली तर चांगला जाड बुडाचा कुकर माळ्यावर! आपल्या प्रत्येकीच्या माळ्यावर असं एक तरी भांडं असतंच की नाही?

नव्या दहा गाड्यांसाठी निविदा निघाली. पण बोली लावणाऱ्या दोन्ही कंपन्या चीनच्या होत्या. जून २०२० मध्ये ती निविदाच रद्द झाली आणि देशातच गाड्या बनवून घ्यायचं ठरलं. पुढे ते काम हैदराबादच्या मेधा कंपनीकडे गेलं. यात वर्षं गेली. तोवर लोक जुन्याच मोजक्या गाड्यांतून जात-येत होते. शेवटी २० सप्टेंबर २०२५ पासून सुधारणेसाठी मोनोरेलची सेवाच थांबवण्यात आली. म्हणजे ज्यांचं रोजचं कामाला जाणं तिच्यावर होतं, त्या बायांनी पुन्हा बस पकडायची.

"मग मेट्रोच्या गाड्या निवडतात तरी कशा?" मी विचारलं. मला वाटलं होतं, सगळ्यात स्वस्त त्याची माळ! भाची म्हणाली, दोन लिफाफे असतात. पहिल्या लिफाफ्यात किंमत नसतेच. तुम्ही आजवर अशा किती गाड्या बनवल्या, कुठे चालतात, किती बिघडतात, वीज किती खातात, सुटे भाग आणि दुरुस्तीचं काय, पैशाने कंपनी भक्कम आहे का, हे सगळं त्यात. या परीक्षेत जे पास होतात, त्यांचाच दुसरा, किमतीचा लिफाफा उघडतात. त्यांच्यात मग कमी किमतीचा जिंकतो.

आम्ही मात्र दुसरा लिफाफा आधी उघडून बसलो होतो!

मेट्रोची गाडी तीस-पस्तीस वर्षं चालायला हवी. एवढ्या काळात आपल्याकडे सून येते, नातवंडं शाळेत जातात. म्हणून ही निवड लग्न जमवण्यासारखीच. आणि आपल्या महाराष्ट्रात तरी किती वेगवेगळी स्थळं बघितली गेली! वर्सोवा-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो जून २०१४ मध्ये धावली, तिचे डबे चीनच्या नानजिंगमधले. नागपूरने २०१६ मध्ये ६९ डब्यांचं काम चीनच्याच सीआरआरसी कंपनीला दिलं. दहिसरकडच्या '२ अ' आणि '७' यांसारख्या मार्गांसाठी मात्र २०१८ मध्ये ३७८ डब्यांचं काम बंगळुरूच्या बीईएमएल या सरकारी कंपनीला मिळालं. पुण्याच्या पहिल्या दोन मार्गांसाठी १०२ डबे तितागढ कंपनीकडून, काही तिच्या इटलीतल्या कारखान्यातून आणि बाकीचे पश्चिम बंगालमधल्या. आणि आरे ते कफ परेड या भुयारी मेट्रोच्या आठ-आठ डब्यांच्या ३१ गाड्या फ्रान्सच्या अल्स्टॉम कंपनीच्या, पण बनल्या आंध्र प्रदेशातल्या श्रीसिटीत.

हे बदललं कसं? भाची म्हणाली, सुरुवात दिल्लीने केली. २००२ मध्ये दिल्ली मेट्रो धावली तेव्हा पहिल्या गाड्या दक्षिण कोरियातून आल्या. पण करारातच अट होती, की पुढच्या गाड्या इथे बनवायच्या आणि त्या कशा बनवायच्या ते बीईएमएलला शिकवायचं. नुसती पुरणपोळी विकत आणली नाही, करायला शिकून घेतली. म्हणून सोळा वर्षांनी मुंबईचे डबे बंगळुरूत बनू शकले.

हे ऐकून आमच्या ह्यांची कळी एकदम खुलली. "आमच्या एस.टी.ने हे कधीच केलंय!" म्हणाले. चासी मोठ्या कंपनीची घ्यायची आणि वरचा सांगाडा दापोडीसारख्या एस.टी.च्या स्वतःच्या कार्यशाळेत बांधायचा, ही एस.टी.ची जुनी रीत. त्यामुळे रात्री दोन वाजता हातखंब्याला गाडी बसली तरी डेपोतला माणूस पाने घेऊन जायचा आणि उजाडायच्या आत गाडी हलायची. "गाडी किती भारी, ते पहिल्या दिवशी कळतं," हे म्हणाले, "गाडी कुणाची, ते बंद पडली की कळतं." माझ्याशी अख्ख्या संसारात हे एवढं कधी बोलले नसतील.

दिवाळीनंतर आम्ही दोघं मुंबईला गेलो. भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये नुकतीच पूर्ण सुरू झाली होती. भाचीने हौसेने दादरहून चर्चगेटपर्यंत नेलं. गारेगार डबा, पुढचं स्थानक मराठीत सांगणारा आवाज. माझी उंची चार फूट अकरा इंच, वरच्या कड्यांपर्यंत हात पोचायची पंचाईत. पण मध्ये उभा दांडा होता, त्याला धरून मी राणीसारखी उभी. पूर्वी म्हटलं असतं, काय छान गाडी! आता मनात आलं, आणखी वीस वर्षांनी हे दार अडकलं तर त्याचा पार्ट कुठून येणार? हे मात्र डब्याखालून येणारा आवाज डोळे मिटून ऐकत होते. उतरताना म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पद्मश्रीच!

परत आल्यावर गटाची बैठक बोलावली. मोनोरेलची आणि दोन लिफाफ्यांची गोष्ट सांगितली. काकू लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पण महाग तेच चांगलं, हे कुणी सांगितलं? तोही पळाला तर?" बरोबरच होतं. मोनोरेलसुद्धा काही चार पैशांत आली नव्हती. किंमत जास्त म्हणजे माणूस टिकणारा, असं थोडंच आहे?

मग आमच्यातल्या सगळ्यात धाकटीने युक्ती काढली. तिने तिथेच मोबाइल स्पीकरवर टाकला आणि दोन्ही दुकानांना फोन केला. "तुमचं पल्पर मशीन आहे आमच्याकडे. आतली जाळी फाटलीय, सीझन चालू आहे. कधी मिळेल?"

अठ्ठेचाळीसवाला म्हणाला, "ताई, ते मशीन बाहेरून येतं. जाळी मागवावी लागेल. महिना-दोन महिने धरा." आंब्याचा सीझनच मुळी दोन महिन्यांचा!

त्रेसष्टवाला म्हणाला, "कोल्हापुरात आहे. आज पैसे पाठवलेत तर एस.टी.च्या पार्सलने टाकतो. आणि साधी जाळी असेल तर तुमच्याकडचा फॅब्रिकेशनवालासुद्धा करून देईल, माप सांगतो, लिहून घ्या."

बैठकीत कुणी काही बोललं नाही. सगळ्यांच्या नजरा काकूंकडे. पंधरा हजार म्हणजे काय, ते त्यांच्याइतकं आम्हाला कुणाला कळत नाही. त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "घ्या त्रेसष्टचं. पण जाळीचं माप आत्ताच लिहून ठेवा गो, त्याने सांगितलंन ते."

ते माप आता गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. खाली दुकानाचा नंबर, त्याखाली आमच्या नाक्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याचा. आणि एक जादा जाळी मशीनबरोबरच मागून घेतली, त्याचे वेगळे पैसेही त्याने लावले नाहीत.

मैत्रिणींनो, मिक्सर घ्या, शिलाई मशीन घ्या, घरघंटी घ्या. किंमत जरूर विचारा, घासाघीसही करा, तो आपला हक्कच आहे! पण पाकिटातून पैसे काढण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न विचारा. आमच्या ह्यांचा प्रश्न आहे, फुकट देते.

"पार्ट कुठे मिळणार?"