चाकांवरचे घर : आधी देखभाल, मग सुधारणा

करोना महासाथीच्या काळात हॉटेले आणि विमानप्रवास टाळूनही सहलीला जाता येते, म्हणून अमेरिकेत ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ला, म्हणजेच मोटारीमागे जोडून ओढत न्यायच्या चाकांवरच्या घराला, अभूतपूर्व मागणी आली. २०२१ या एका वर्षात तेथील कारखान्यांतून सुमारे सहा लाख पर्यटन-वाहने बाहेर पडली. हा त्या उद्योगाचा उच्चांक होता आणि त्यांतील बहुसंख्य वाहने ओढून नेण्याच्या प्रकारातील होती. त्या ट्रेलरचे टायर, बॅटऱ्या, छताच्या सांध्यांवरील लेप आणि वायुगळतीचा इशारा देणारी उपकरणे आता जवळपास एकाच वेळी बदलायला आली आहेत.

याच काळात लिथियम बॅटऱ्या आणि सौरपट्ट्या स्वस्त झाल्या. त्यामुळे जुना ट्रेलर बाळगणाऱ्या किंवा वापरलेला ट्रेलर विकत घेणाऱ्या कुटुंबापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. हाताशी असलेला मर्यादित पैसा आधी नव्या सोयींवर खर्च करावा, की जुन्या, सहसा नजरेस न पडणाऱ्या भागांवर? वाहनाची रचना समजून घेतली तर उत्तर स्पष्ट होते. या घरात पाणी, गॅस, वीज, छत आणि चाके एकमेकांवर अवलंबून असतात. एका भागात केलेली सुधारणा दुसऱ्या भागावर भार टाकते आणि तो दुसरा भाग आधीच कमकुवत असेल, तर सोयीसाठी केलेला खर्च धोक्याचे कारण ठरतो.

छत : गळती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो

सिमेंटचे घर जागेवर स्थिर असते. ट्रेलर मात्र ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर वेगाने धावताना सतत हादरे खात असतो. बहुतेक ट्रेलरांचे छत प्लायवूडवर चिकटवलेल्या कृत्रिम रबराच्या किंवा प्लास्टिकच्या पातळ आवरणाचे असते. झरोके, वातानुकूलन यंत्र, गॅसचे धुराडे आणि सांडपाण्याच्या टाकीची वायुनलिका यांसाठी त्याला भोके पाडलेली असतात. प्रत्येक भोकाभोवती सांधा बंद करणारा लेप दिलेला असतो. ऊन, थंडी आणि हादरे यांमुळे तो लेप आक्रसतो आणि त्याला केसाएवढ्या भेगा पडतात.

त्या भेगेतून झिरपलेले पाणी थेट खोलीत टपकत नाही. ते आधी लाकडी चौकटीत आणि भिंतीच्या थरांत मुरते. आतल्या भिंतीवर डाग किंवा फुगवटा दिसेपर्यंत चौकट कुजलेली असू शकते आणि तिची दुरुस्ती अनेकदा ट्रेलरच्या किमतीच्या तुलनेत परवडेनाशी होते. म्हणून वर्षातून किमान दोनदा छतावरील प्रत्येक सांधा तपासणे आणि भेग दिसताच आवरणाच्या प्रकाराला चालणारा लेप लावणे, हा देखभालीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा भाग आहे. घरी सर्रास वापरले जाणारे सिलिकॉन येथे उपयोगाचे नाही. त्यावर पुढे दुसरा लेप नीट चिकटत नाही.

टायर, बेअरिंग आणि ब्रेक

मोटारीचा टायर सहसा झिजून बाद होतो. ट्रेलरचा टायर वयाने. ट्रेलर वर्षातील बरेच महिने एकाच जागी, पूर्ण भारासह, उन्हात उभा असतो. टायरची नक्षी नव्यासारखी दिसत असली तरी आतील रबर कडक होऊन त्याचे थर सुटू लागतात. टायरच्या बाजूवर कोरलेल्या सांकेतिक ओळीतील शेवटचे चार अंक त्याचे वय सांगतात. ‘२३२१’ याचा अर्थ २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. ट्रेलरचे टायर पाच ते सात वर्षांनी, नक्षी शिल्लक असली तरी, बदलावेत असा सर्वसाधारण संकेत आहे. कमी हवा, जादा भार आणि जास्त वेग ही टायर फुटण्याची नेहमीची कारणे आहेत. अनेक ट्रेलर-टायर ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर, या वेगमर्यादेसाठीच बनवलेले असतात. मागचा टायर फुटल्याचे चालकाला लगेच कळतेच असे नाही आणि तोवर फाटलेल्या रबराच्या तडाख्याने वरची लादी, वायरी किंवा गॅसची नळी तुटू शकते. म्हणून हवेचा दाब आणि तापमान चालकासमोर दाखवणारी यंत्रणा ही थोड्या खर्चातील उपयुक्त सुधारणा ठरते.

चाकाच्या तुंब्यातील बेअरिंग दर बारा महिन्यांनी किंवा १२ हजार मैलांनी (सुमारे १९ हजार किलोमीटर) उघडून, स्वच्छ करून, नवे ग्रीस भरावे अशी आसनिर्मात्यांची सर्वसाधारण सूचना असते. प्रवासातील थांब्यावर चारही तुंब्यांचे तापमान ताडून पाहिल्यास दोष आधीच उघड होतो. इतरांहून एखादा तुंबा बराच तापलेला असेल, तर तेथील बेअरिंग कोरडे पडत असावे किंवा ब्रेक घासत असावा.

बहुतेक ट्रेलरांचे ब्रेक विजेवर चालतात. ड्रममधील विद्युत्चुंबक ब्रेकच्या पट्ट्या बाहेर ढकलतो. जोडणी तुटून ट्रेलर मोटारीपासून सुटला, तर एक तार खेचली जाते आणि ट्रेलरवरच्या बॅटरीतून हे ब्रेक आपोआप लागतात. म्हणजेच दिवे आणि पंखा चालवणारी ‘घरची’ बॅटरी हीच आणीबाणीच्या ब्रेकचीही बॅटरी असते. ती मृतवत असेल, किंवा नवी बॅटरी बसवताना ब्रेकची वायर मुख्य बटणाच्या पलीकडे जोडली गेली आणि ते बटण बंद राहिले, तर शेवटचे संरक्षण नाहीसे होते. एका भागातील बदल दुसऱ्या भागाला कसा बाधतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

गॅस : जमिनीलगतचा पहारेकरी

ट्रेलरच्या पुढच्या भागावर सहसा प्रत्येकी सुमारे नऊ किलोचे प्रोपेनचे दोन सिलिंडर असतात. भारतातील घरगुती गॅस हे प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण असते. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप घेणे थांबवतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो. थंड प्रदेशात प्रोपेन वापरण्याचे हेच कारण. सिलिंडरपासून शेगडी, पाणी तापवण्याचे यंत्र, उष्मक आणि अनेकदा फ्रीजपर्यंत गॅसची नळी जाते. हादऱ्यांनी तिचे सांधे सैल होऊ शकतात. साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहणे, ही जुनी कसोटी येथेही लागू पडते.

प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साठतो. म्हणून गॅससूचक उपकरण जमिनीपासून थोड्याच उंचीवर बसवलेले असते. कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळा आहे. त्याला वास नाही, रंग नाही. डोकेदुखी आणि मळमळ ही त्याची लक्षणे प्रवासाचा शीण समजून दुर्लक्षिली जातात. थंडीत शेगडी पेटती ठेवून खोली उबदार करणे किंवा खिडकीजवळ जनरेटर चालवणे जीवघेणे ठरू शकते. या दोन्ही सूचक उपकरणांतील संवेदक कायमचा नसतो. साधारण पाच ते दहा वर्षांत त्याची मुदत संपते आणि उपकरण सतत टिकटिक करून ते कळवते. त्या आवाजाला कंटाळून त्याची वायर काढून टाकणे म्हणजे पहारेकऱ्यालाच घरी पाठवणे होय.

पाण्याच्या बाबतीत काम सोपे, पण नियमित आहे. टाकी ठरावीक काळाने निर्जंतुक करणे, बाहेरच्या नळाला जोडताना दाबनियंत्रक लावणे आणि हिवाळ्यापूर्वी नळ्या रिकाम्या करणे एवढे केले तरी पुरते. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि एक विसरलेला वळसा संपूर्ण नळी फोडतो. नळ्यांत गोठणरोधक द्रव भरायचा असेल, तर तो पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी बनवलेलाच हवा. मोटारीच्या रेडिएटरमधील द्रव विषारी असू शकतो.

लिथियम बॅटरी : एका बदलामागे अनेक बदल

सध्या सर्वाधिक होणारी सुधारणा म्हणजे शिसे-आम्ल बॅटरीच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवणे. हे रसायन टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने पुढे आणले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याविषयीच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी होते. गुडइनफ यांना २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीवरील कार्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या बॅटरीचे आकर्षण आकड्यांतून कळते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे १.२ युनिट वीज साठते. शिसे-आम्ल बॅटरी दीर्घकाळ टिकवायची तर तिच्यातील निम्मीच, म्हणजे ०.६ युनिट, वीज वापरावी लागते. लिथियम बॅटरीतील जवळजवळ सर्व वीज वापरता येते, तिचे वजन साधारण निम्मे असते आणि ती कित्येक पटींनी अधिक वेळा चार्ज होऊ शकते. तरीही अपेक्षा वास्तवाला धरून हव्यात. छतावरचे वातानुकूलन यंत्र तासाला एक युनिटहून अधिक वीज घेते. म्हणजे अशी एक बॅटरी ते तासभरही चालवू शकत नाही.

मात्र जुनी बॅटरी काढून नवी बसवली की काम संपत नाही. जुना चार्जर शिसे-आम्ल बॅटरीला अनुरूप व्होल्टेज देतो. लिथियम बॅटरी पूर्ण भरण्यासाठी साधारण १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात. ही बॅटरी मोठा प्रवाह ओढून घेते, त्यामुळे मोटारीच्या अल्टरनेटरवर आणि पातळ वायरीवर ताण येतो. तो टाळण्यासाठी मध्ये प्रवाह मर्यादित करणारा चार्जर लागतो. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास बॅटरीचे कायमचे नुकसान होते, म्हणून थंडीत चार्जिंग थांबवणारी किंवा बॅटरी उबदार ठेवणारी व्यवस्था हवी.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट वायरची जाडी. २,००० वॅटचे उपकरण २३० व्होल्टवर नऊ अँपिअरहून कमी प्रवाह घेते. तीच शक्ती १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरद्वारे घ्यायची, तर सुमारे १६७ अँपिअर लागतात आणि इन्व्हर्टरमधील घट धरली तर त्याहून अधिक. वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे अपुऱ्या जाडीची वायर किंवा एक सैल सांधा आग लावण्यास पुरेसा असतो. जाड आणि आखूड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज आणि घट्ट आवळलेले सांधे यांवरचा खर्च बॅटरीच्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे.

सौरपट्ट्यांचेही तसेच. त्या बसवताना छताला पडणारे प्रत्येक भोक ही गळतीची नवी जागा असते. ज्या छताचे सांधे आधीच तडकले आहेत, त्यावर पट्ट्या बसवणे म्हणजे पुढची दुरुस्ती अधिक अवघड करून ठेवणे.

वजनाचा हिशेब

प्रत्येक ट्रेलरवर त्याचे कमाल अनुज्ञेय वजन लिहिलेले असते. रिकाम्या ट्रेलरचे वजन त्यातून वजा केले की सामानासाठी उरणारी क्षमता कळते. चाळीस गॅलनची पाण्याची टाकी भरली की एकट्या पाण्याचेच सुमारे दीडशे किलो होतात. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडणीवर असावा, असा नियम आहे. मागच्या बाजूला सायकलींची चौकट किंवा जादा बॅटऱ्या लावल्याने हा भार घटला, तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागतो आणि चालकाचा ताबा सुटू शकतो. त्यामुळे मोठ्या सुधारणेनंतर पूर्ण भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेणे आवश्यक आहे.

भारतासाठी काय लागू पडते?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले आणि त्याच वर्षी केरळनेही ‘केरवान केरळ’ हा उपक्रम जाहीर केला. भारतातील बहुतेक कॅराव्हॅन ओढून नेण्याच्या नसून बस किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. त्यामुळे जोडणीवरील भाराचा भाग येथे गौण ठरतो, पण छत, पाणी, वीज आणि वायुसूचक यांविषयीचे सारे काही तसेच लागू पडते. येथील हवामानात चिंता थंडीची कमी आणि उष्णतेची अधिक आहे. तापमान साधारण दहा अंशांनी सतत जास्त राहिल्यास शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते. कोकणात किंवा केरळात चालणाऱ्या वाहनाच्या छताची तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, अशी दोनदा होणे गरजेचे आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. त्यामुळे मोठ्या फेरफारापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे इष्ट.

खर्चाचा क्रम त्यामुळे असा ठरतो : प्रथम छताचे सांधे, टायर, बेअरिंग आणि ब्रेक, त्यानंतर गॅसची नळी आणि मुदत संपलेली सूचक उपकरणे, मग वायरी, फ्यूज आणि चार्जर, आणि सर्वांत शेवटी बॅटरी, सौरपट्ट्या व इतर सोयी. टायरचा आठवडा, बेअरिंगचे ग्रीस, सूचकांची मुदत आणि छताची तपासणी यांच्या तारखा एका वहीत नोंदवून ती वाहनातच ठेवली, तर पुढचे काम कधी करायचे हे ठरवणे सोपे जाते. वापरलेले वाहन विकत घेणाऱ्यानेही विक्रेत्याकडे नव्या बॅटरीच्या पावतीआधी ही वही मागावी.