बी पोलन घेण्याआधी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मधाच्या बाटल्यांशेजारी आता पिवळ्या-केशरी दाण्यांच्या बरण्याही दिसू लागल्या आहेत. बी पोलन म्हणजे मधमाश्यांनी फुलांवरून गोळा केलेला पराग. त्यात प्रथिने आणि जीवनसत्त्वे असतात, हे खरे. पण त्याच्या नावावर खपवले जाणारे सगळेच दावे खरे नाहीत, आणि काही तर जिवावर बेतणारे आहेत.

गैरसमज : नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय होणार नाही.
वस्तुस्थिती : पराग हा मुळातच अनेकांना अ‍ॅलर्जी देणारा पदार्थ आहे. बी पोलन खाल्ल्यावर घसा सुजणे, धाप लागणे, रक्तदाब एकदम उतरणे अशा गंभीर प्रतिक्रिया वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. पराग अगदी शुद्ध असला तरी हा धोका कमी होत नाही. दमा किंवा परागाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी, गरोदर व स्तनदा मातांनी ते टाळावे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.

गैरसमज : रोज चमचाभर खाल्ले की परागाची अ‍ॅलर्जी जाते.
वस्तुस्थिती : शिंका आणि दम्याला बहुतेक वेळा वाऱ्यावर उडणारा पराग कारणीभूत असतो. मधमाश्या मुख्यतः फुलांचा जड, चिकट पराग आणतात. मका-बाजरीसारख्या पिकांचा परागही त्या आणतात, पण तुमच्या बरणीत कोणता आणि किती आहे, हे कुणी मोजलेले नसते. अ‍ॅलर्जीतज्ज्ञ उपचार करतात तेव्हा ठरावीक अ‍ॅलर्जनची मोजलेली मात्रा देखरेखीखाली देतात. चमच्याने अंदाजे खाणे हा उपचार नव्हे.

गैरसमज : बी पोलनच्या गोळ्यांनी वजन झपाट्याने उतरते.
वस्तुस्थिती : अशा काही कॅप्सूलमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला सिब्युट्रामिन आणि फिनॉल्फ्थॅलीन ही लेबलवर न लिहिलेली औषधे सापडली. या प्रशासनाने २०१४ साली ग्राहकांना तसा जाहीर इशारा दिला. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे सिब्युट्रामिन २०१० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढले गेले. भारतातही २०११ पासून त्यावर बंदी आहे. ‘महिन्यात दहा किलो’ असा दावा दिसला की ते उत्पादन तिथेच ठेवावे.

गैरसमज : पेटीतून काढलेला ओला पराग सर्वांत उत्तम.
वस्तुस्थिती : मधपाळ पेटीच्या तोंडाशी बारीक भोकांची जाळी बसवतात. माशी त्यातून अंग चोरून आत शिरते, तेव्हा मागच्या पायांवरच्या परागाच्या गोळ्या घासून सुटतात आणि खालच्या ट्रेमध्ये पडतात. या ताज्या गोळ्यांत साधारण २० ते ३० टक्के ओलावा असतो. त्या ट्रेमध्ये पडून राहिल्या किंवा नीट वाळवल्या नाहीत, तर बुरशी धरते आणि काही बुरशी विषारी द्रव्ये तयार करतात. म्हणून पराग लगेच गोठवतात, नाहीतर ४० अंश सेल्सिअसच्या आसपास वाळवतात. नीट वाळलेला दाणा चिमटीत दाबला तर टणक लागतो, दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. कुबट वास आला किंवा गुठळ्या दिसल्या तर बरणी परत करा.

गैरसमज : पाण्यात टाकून किंवा रंग पाहून शुद्धता कळते.
वस्तुस्थिती : पाण्यात खरा परागही विरघळल्यासारखा मोकळा होतो. फुलाफुलाप्रमाणे रंग बदलतो, म्हणून दाणे अनेक रंगांचे असणे स्वाभाविक आहे. फवारणी झालेल्या शेतातून आलेली कीटकनाशके, जड धातू किंवा काही वनस्पतींमधले यकृताला घातक अल्कलॉइड्स मात्र घरच्या कोणत्याही चाचणीत दिसत नाहीत. ती प्रयोगशाळेतच कळतात.

गैरसमज : लेबलवर एफएसएसएआयचा क्रमांक आहे, म्हणजे माल तपासलेला आहे.
वस्तुस्थिती : तो १४ अंकी क्रमांक व्यवसायाच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा असतो. तो हवाच. पण त्यावरून प्रत्येक बॅच तपासली गेली, असे ठरत नाही.

म्हणून विक्रेत्याला थेट विचारा : पराग कोणत्या भागातला, कोणत्या हंगामातला, वाळवला कसा आणि या बॅचचा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आहे का? ओलावा, बुरशीजन्य विष, कीटकनाशके आणि जड धातू यांचे आकडे त्यात असले पाहिजेत. उत्तर टाळणाऱ्याकडून विकत घेऊ नका. बी पोलनशिवाय कुणाचेही पोषण अडत नाही. अहवाल मिळाला नाही, तर ते पैसे डाळी, फळे आणि भाजीवर खर्च करा.