बंदी लाखोरीवर, भेसळ तुरीत

नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला, असं सांगतात. पूर्व विदर्भाच्या या भागात, म्हणजे झाडीपट्टीत, तळ्यांच्या पाण्यावर धान पिकतो आणि कापणीआधी बांधीत ओल असतानाच उभ्या धानात लाखोरी फेकतात. ना नांगरट, ना खत. तिच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी आणि डाळीचे वडे इथे नवे नाहीत.

याच लाखोरीच्या, म्हणजे खेसरी डाळीच्या विक्रीवर केंद्राने १९६१ साली बंदीचा नियम आणला. तिच्यात ओडॅप नावाचं विषारी द्रव्य असतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९६४ मध्ये ते ओळखलं. अधूनमधून खाल्लेल्या वड्यांनी काही होत नाही. पण दुष्काळात महिनोन्महिने हीच डाळ पोटात गेली, की पायांतलं बळ जातं ते कायमचं. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात वेठबिगारांना मजुरीत खेसरीच मिळे. पांगळे झाले ते तेच. रोग डाळीचा म्हणावा की गरिबीचा?

बंदी विक्रीवर होती. पेरा चालूच राहिला. मग पिकलेला माल जाणार कुठे? भेसळीत. भरडलेली लाखोरी तुरीसारखी दिसते, बेसनात तर ओळखूच येत नाही. त्यामुळे उलटंच झालं. घरची लाखोरी शिजवणारीला ती काय शिजवतेय हे ठाऊक असतं. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की बरंचसं ओडॅप निघून जातं, सगळं नाही. शहरात तूरडाळ म्हणून घेणाऱ्याला मात्र पाणी फेकायचं सुचणार तरी कसं? बंदीचं हे अपयश मला सगळ्यात मोठं वाटतं.

ओडॅप कमी असलेले रतन, प्रतीक, महातिवडा हे वाण कृषिशास्त्रज्ञांनी काढले. २०१६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने त्यांना अनुकूल मत दिलं. हे बियाणं बांधीपर्यंत पोचवणं आणि बाजारातल्या डाळीचे नमुने तपासणं, ही कामं सरकारचीच.

गिऱ्हाइकाच्या हातीही एक हत्यार आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार कुणीही ग्राहक शुल्क भरून विकत घेतलेली वस्तू अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. माल नियमाबाहेरचा निघाला तर शुल्क परत मिळतं. अट एकच: खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. ज्याच्याकडे आपली उधारीची वही आहे, त्याला हे तोंडावर सांगणार कोण?