कमायच्याची फर्माईश करा

माघ पौर्णिमेच्या सुमारास राजस्थानात जैसलमेरला तीन दिवसांचा मरु महोत्सव भरतो. यंदा आम्ही सहकुटुंब पहिल्यांदाच गेलो. गडीसर तलावापासून निघणारी मिरवणूक, साफा बांधण्याची चुरस, मिशांची स्पर्धा, सजवलेले उंट. मुले हरखून गेली. आम्हाला मात्र खिळवून ठेवले ते मांगणियार गायकांनी.

हे कलावंत मुसलमान, तर त्यांचे यजमान बहुतेक हिंदू राजपूत. यजमानाच्या घरी मूल जन्मो की लग्न निघो, गाणे यांचेच. त्या घराण्याची वंशावळही यांना तोंडपाठ. हे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे. कमायचा हे त्यांचे खास तंतुवाद्य. आंब्याच्या लाकडाचे, बकरीच्या कातड्याने मढवलेले. हमीरा गावचे कमायचावादक साकर खाँ यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली.

एका दहा-बारा वर्षांच्या मुलाला आम्ही विचारले, "बेटा, गाणे कुठे शिकलास?" तो म्हणाला, "घरीच, अब्बांचे ऐकून." ना वही, ना पाटी! शिक्षक म्हणून आम्ही थक्क झालो. पण त्याच्या हाती कमायचा नव्हता, हार्मोनियम होते. ते लवकर हाताला बसते. कमायच्याला वर्षे द्यावी लागतात.

तुम्ही जाल तेव्हा शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या सम येथील वाळूच्या टेकड्यांवर उंटावरून जरूर फिरा. पण एक संध्याकाळ या गायकांसाठी राखून ठेवा. सिनेगीताऐवजी कमायच्याची फर्माईश करा. ऐकणारे मागतील, तरच अब्बा मुलाच्या हाती तो देतील.